न ओतलेलं माप

आमच्या गोठ्यात उवा झाल्या हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढे मी जे केलं त्याची. थंडी पडली, जनावरांचे केस वाढले, गाई एकमेकींना खेटून उभ्या राहायला लागल्या की उवा होतात. झाडून-पुसून ठेवलेल्या गोठ्यातही होतात. लोक मात्र नाक मुरडून मागे सरतात. गाईची ऊ माणसाच्या डोक्यात राहत नाही, घोड्याच्या अंगावरही राहत नाही, तिला गायच लागते. हे मी दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला तीन वेळा समजावलं. तरी तो कॅन दाराबाहेरूनच उचलायचा आणि जाताना डोकं खाजवायचा.

गोठा आमच्या वडिलांचा. ते गेल्यावर आम्हा दोघी बहिणींकडे आला. मी थोरली. वासरं आणि औषधपाणी माझ्याकडे, आणि तोंडाने मी फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. धाकटी माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा तिच्या वेण्या मीच घातल्या, तिच्या डोक्यातून फणी मीच फिरवली. ती पलंगाखाली लपायची आणि मी पायाला धरून ओढून काढायचे. मोठी झाली तशी गोड बोलायला शिकली, आणि मारकी गायसुद्धा तिच्या हाताखाली शहाण्यासारखी उभी राहते. माझा तिच्यावर जीव आहे. होता म्हणायला अजून जीभ रेटत नाही.

तिसरे मापमामा. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे धार काढायला. खऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मला आठवत नाही. सगळं मापाने करायचे म्हणून मापमामा. पेंड तराजूत, मीठ चमच्याने, औषधाचं माप डोळ्यांसमोर आडवं धरून. गाईच्या छातीभोवती फीत लावायचे, त्यावरून वजन काढायचे आणि किती औषध ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत ठरवायचे. “अंदाज हा आळशाचा धंदा,” असं म्हणायचे. बायको वारली तेव्हा चौथ्या दिवशी कामावर हजर झाले. मी रागावले, तर म्हणाले, “घरी बसून काय मोजू, ताई?”

थंडीच्या सुरुवातीलाच दोन गाई खांबाला मान घासताना दिसल्या. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी मानेवरचे केस फाकले, भिंग धरलं आणि मला दाखवलं. केसांच्या बुडाशी निळसर करड्या उवा तोंड खुपसून बसलेल्या, आणि केसाकेसाला चिकटलेल्या पांढऱ्या लिखा.

“या रक्त पिणाऱ्या आहेत,” त्या म्हणाल्या. “मोठ्या गाईचं दूध घटतं, कातडी खराब होते. वासरू असेल तर जीवावर बेततं. आता नीट ऐका. औषध उवा मारतं, लिखा मारत नाही. त्या फुटतात म्हणून चौदा दिवसांनी दुसरा डोस. आणि सगळी जनावरं एकाच दिवशी. एकही सोडायचं नाही. पंचवीस केली आणि सव्विसावी राहिली, की सगळं मुसळ केरात.”

वडिलांची पद्धत अशी होती, की औषध पाठीवर ओतून झालं की लगेच रंगकांडीने गाईच्या पुठ्ठ्यावर रेघ मारायची. शेवटी हिंडून रेघा मोजायच्या. रेघ दिसली की विषय संपला. आम्हीही तसंच केलं. वासरांना मी एकटीने दिलं. मोठ्या गोठ्यात मापमामा औषध ओतत गेले आणि त्यांच्या मागून धाकटी रेघ मारत गेली. पहिल्या डोसाला निळी, दुसऱ्याला लाल. दोन्ही वेळा मी शेवटी जाऊन मोजलं. सव्वीस गाई, सव्वीस रेघा. मी खूश झाले.

धाकटीची एक लाडकी गाय होती. सगळ्यांत उंच, तांबूस, अंगावर मखमल पांघरल्यासारखे केस. थंडी संपता संपता जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, त्यात तिला जिंकवायचं धाकटीने दोन वर्षांपासून ठरवलं होतं. आदल्या वर्षी पहिला नंबर थोडक्यात हुकला होता. परीक्षकाने कागदावर लिहून दिलं होतं, ‘केसांना चमक कमी’. तो कागद धाकटीने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. यंदा ती रोज सकाळी तासभर गाईला खरारा करायची. मी चिडवायचे, “अगं, एवढे केस कधी स्वतःचे विंचरलेस का?” ती हसायची.

लाल रेघ मारल्यानंतर आठवड्याने ती गाय व्यायली. कालवड झाली. आईसारखीच तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. आमच्याकडे वासरू आठ-दहा दिवस आईजवळ ठेवतात आणि मग माझ्याकडे वासरांच्या खोपीत आणतात. धाकटीने हट्ट धरला, तीन आठवडे ठेवू दे. ठेवलं. इतक्या लहान जिवाला औषध द्यायचं नसतं, आणि आई स्वच्छ असली की पिलू स्वच्छ. आई स्वच्छ आहे याची माझ्याकडे दोन रेघांची खात्री होती.

कालवड माझ्याकडे आली तेव्हाच जरा मंद होती. मला वाटलं, आईपासून तोडलं म्हणून रुसली असेल. गव्हाणीच्या कडेला अंग घासायची, मला वाटलं खेळतेय. वीस वर्षं वासरं वाढवलेल्या बाईला असं वाटावं, म्हणजे काय म्हणावं! पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती उठेना. तोंड उघडून पाहिलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. मानेवरचे केस फाकले. कातडी दिसतच नव्हती. उवांवर उवा बसल्या होत्या.

डॉक्टरीणबाई येईपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्या आल्या, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. “रक्तच उरलं नाहीये हिच्यात.” दुपारच्या धारेआधी कालवड गेली.

त्यांनी मग आईला तपासलं. त्या मखमली केसांच्या खालीही तेच. शेजारच्या दोन गाईंवरही थोड्या.

“हिला औषध दिलं होतं?”

“दोनदा,” मी म्हटलं. “रेघा आहेत ना.”

“मग पुरतं पडलं नसेल. किंवा नीट ओतलं नसेल. उवांना पंख नसतात, बाई. ऊ गाईच्या अंगावरून सुटली तर आठवडाभरही जगत नाही. ही लागण याच गोठ्यात शिल्लक राहिलेली आहे.”

त्या गेल्या आणि माझं डोकं फिरलं. औषध ओतलं कुणी? मापमामांनी. मी तशीच तरातरा मोठ्या गोठ्यात गेले. मामा बादल्या विसळत होते, धाकटी गाईच्या गळ्याला मिठी मारून रडत होती. माझ्या हातांना अजून त्या कालवडीचे केस चिकटलेले होते.

“मामा, त्या गाईला किती ओतलं होतंत?”

त्यांनी धाकटीकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

“किती ओतलं होतंत, विचारतेय मी!”

“तुम्हाला माहीत नाही का, ताई?” ते हळूच म्हणाले.

मला तो उर्मटपणा वाटला. मी म्हटलं, मला माहीत असतं तर कालवड जिवंत असती. म्हटलं, सगळ्या जगाला मापं शिकवता आणि स्वतः अर्धं ओतता. आणखी बरंच बोलले, ते आता लिहीत नाही. मामा उभे राहून ऐकत होते. तेवढ्यात धाकटी डोळे पुसत म्हणाली, “जाऊ दे ना, ताई. हल्ली त्यांचे हात थरथरतात. त्यांच्याही लक्षात आलं नसेल.”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते चिडतील, काहीतरी सांगतील. त्यांनी बादली पालथी घातली, हात पुसले, खुंटीवरची फीत काढून गुंडाळून खिशात ठेवली. मी म्हटलं, “उद्यापासून येऊ नका.” त्यांनी मान हलवली आणि गेले. गोठ्यात त्यांना कुणी कधी उणं बोललं नव्हतं. मी बोलले, तेही मापावरून.

त्या संध्याकाळी धाकटीने मला चहा करून दिला. म्हणाली, “तू बरोबर केलंस.” हे मला रोज आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या जनावरांना नव्याने औषध द्यायचं ठरवलं. या वेळी रेघाबिघा नाहीत, स्वतःच्या हाताने ओतणार. धाकटी मागे लागली, “तिला नको. पंधरा दिवसांवर प्रदर्शन आलंय. त्यानंतर लगेच दे.” मी म्हटलं, त्या गाईचं पोर काल पुरलंय, मला प्रदर्शन सांगू नकोस. मानेपासून शेपटाच्या बुडापर्यंत माप ओतलं. धाकटी पाय आपटत निघून गेली.

सकाळी मी वासरांना दूध पाजत होते तर ती ओरडतच आली.

“बघ, बघ काय करून ठेवलंस तिचं! ये बघायला!”

गेले. त्या औषधाला तेल असतं. पाठीच्या कण्यावरचे केस चिकटून त्यांच्या बटा-बटा झाल्या होत्या, मधून कोंडा सुटलेला. सगळ्याच गाईंची पाठ तशी दिसत होती, त्यात नवल काय?

“महिनाभर हे असंच राहणार आता!” धाकटी रडत होती. “दोन वर्षांची मेहनत माझी. कसली चमक दिसणार या केसांवर? म्हणूनच मी...”

ती थांबली.  हातातली दुधाची बाटली मी गव्हाणीवर ठेवली.

“मागच्या दोन वेळेस नाही झाले तिचे केस असे?” मी विचारलं.

 मला आठवायला लागलं. पहिल्या डोसानंतर सगळा गोठा तेलकट, कोंडा सुटलेला दिसत होता आणि ही एकटी लखलखत होती. दुसऱ्या डोसानंतर चौथ्या दिवशी धाकटीने प्रदर्शनाच्या अर्जासाठी तिचा फोटो काढला होता. गाईचं तोंड मीच धरलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, काय अंग आहे हिचं! माझ्या डोळ्यांसमोर सगळं होतं, आणि मी मोजत बसले रेघा.

“रेघ मारलीस आणि औषध ओतू दिलं नाहीस,” मी म्हटलं. “दोन्ही वेळा.”

“तिच्या अंगावर एकही ऊ नव्हती गं तेव्हा. मी रोज खरारा करते, मला दिसली नसती?”

“नाही दिसली ना. पण परवा मी मामांना हाकललं, तेव्हा तर माहीत होतं?”

“मी सांगणार होते. प्रदर्शन झालं की सांगणारच होते. मामांना परत बोलावलं असतंच ना आपण.”

आपण! मला वाटलं होतं मी ओरडेन, हात उगारेन. काहीच झालं नाही. मी तिथेच पेंडीच्या पोत्यावर बसले. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या तरी देतो. इथे कुंपणानेच शेत खाल्लेलं. दात आपलेच आणि ओठही आपलेच, आरडाओरडा करायचा कुणाच्या नावाने? जिच्यासाठी मी कधी स्वतःचं ताट आधी वाढून घेतलं नाही, तिने एका गाईच्या केसांसाठी मला आंधळी करून ठेवलं. आणि वर म्हणाली, त्यांचे हात थरथरतात. सगळ्यात जास्त मला ते लागलं. गप्प राहिली असती तर भित्री म्हणून माफ केलं असतं. ती गप्प राहिली नाही. तिने मामांवर उगारायला काठी आणून माझ्या हातात दिली.

“चल,” मी उठून म्हटलं. “आत्ताच्या आत्ता मामांकडे चल आणि त्यांच्या तोंडावर सांग.”

“मी नाही येणार, ताई. काय तोंड घेऊन येऊ?”

पायाला धरून ओढून नेण्याचं तिचं वय राहिलं नव्हतं. मी एकटीच गेले.

मामांचं घर म्हणजे दुमजली चाळवजा इमारतीतल्या वरच्या दोन खोल्या. सुनेने दार उघडलं. मला बघून तिचा चेहरा कठोर झाला, पण आत या म्हणाली. मामा खिडकीशी खुर्चीवर बसले होते, दाढी वाढलेली. दोन दिवसांत माणूस एवढा म्हातारा होतो हे मला माहीत नव्हतं. सुनेने पाणी दिलं आणि आतल्या दाराला टेकून उभी राहिली.

“मामा, मी माफी मागायला आलेय,” मी म्हटलं. “चूक माझी होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. त्या गाईला तुम्ही औषध ओतलंच नव्हतं.”

“नव्हतंच ओतलं,” मामा म्हणाले.

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी विसरले होते.

“काय बोलणार? तुमचाच हुकूम होता.”

“माझा?”

“पहिल्या डोसाला मी माप भरलं, तिच्या पाठीशी गेलो. धाकट्या ताई म्हणाल्या, हिला सोडा, प्रदर्शनाची आहे, ताईंनीच सांगितलंय. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई तर एकही सोडू नका म्हणाल्या. तर म्हणाल्या, ताईंना विचारलंय, त्या बघून घेतील. भरलेलं माप मी परत बाटलीत ओतलं. जन्मात कधी असं केलं नव्हतं. दुसऱ्या वेळेसही तेच. नंतर तुम्ही स्वतः येऊन रेघा मोजल्यात, त्या गाईच्या पाठीवर थाप मारलीत, म्हणालात छान. मला वाटलं, तुमचं तुम्हाला माहीत.”

 धाकटीने मला फसवलं एवढंच मी समजत होते. तिने माझं नाव वापरलं होतं. या माणसाने दोन दिवस काय समजून काढले असतील! मालकिणीने स्वतः गाय सोडायला सांगितली, वासरू मेलं, आणि ठपका यायची वेळ आली तेव्हा तिने बोट त्याच्याकडे दाखवलं. त्याच्या मापाकडे. आणि तरी तो एक शब्द न बोलता निघून गेला, कारण खोटं पाडायचं कुणाला, तर जुन्या मालकाच्या मुलीला.

“मी नव्हतं सांगितलं, मामा,” मी म्हटलं. “मला काहीच माहीत नव्हतं. ती खोटं बोलली, तुमच्याशीही आणि माझ्याशीही. शपथेवर सांगते.”

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं, त्याचा आवाज येत होता.

“धाकट्या ताई आल्या नाहीत?”

“नाही. यायला तयार नाही.”

“कशी येईल?” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, ते माझी समजूत काढल्यासारखं बोलत होते. “ताई, मला परत कामावर घ्यायला आलात, बरं वाटलं. मी येणार नाही. ते सोडा. पण एक सांगतो, लहानपणापासून बघतोय तुम्हाला म्हणून सांगतो. कालवड गेली तेव्हा तुम्ही माझ्यावर ढकललंत. मी परका, मला चाललं. आता ते अंगाशी आलं तर तिच्यावर ढकलताय. ती सख्खी बहीण आहे तुमची. असं करू नये.”

मी म्हटलं, “मामा, खरंच—”

“उगीच शपथा घेऊ नका,” ते म्हणाले, आणि सुनेला सांगितलं, “ताईंना चहा टाक. अर्धा चमचा साखर, जास्त नको.”